तळातली लाइन

सुरतेतल्या लिंबायतमधल्या गिरणा अपार्टमेंटला पाणी सरलाबाईंच्या हाताने मिळायचं. म्हणजे पाणी महापालिकेचंच, पण ते खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं काम त्यांचं. ते त्यांना कोणी दिलं नव्हतं. आधी ते त्यांचे यजमान रामदास बघायचे. छातीच्या दुखण्याने रामदास गेले, दिवस झाले, तोवर मोटर बघणारे पाहुणे परतले, आणि मोटरच्या खोलीची किल्ली खुंटीवर होती तिथेच राहिली. दुसऱ्याच दिवशी खालून कोणीतरी ओरडलं, पाणी नाही चढलं का आज. सरलाबाई किल्ली घेऊन खाली उतरल्या. तेव्हापासून त्या रोजच उतरत होत्या.

पहाटे नळाला पाणी यायचं. त्याआधी उठायचं, तीन मजले उतरायचे, खालच्या टाकीचं झाकण उचलून पाणी किती आलं ते बघायचं, मोटर चालू करायची. मग पुन्हा तीन मजले चढून गच्चीवर जायचं आणि टाकीच्या कडेला बसायचं. टाकी भरत आली की परत खाली. गुडघे तर केव्हाचे कुरकुरत होते. कधी वर बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि पाणी टाकीवरून ओसंडून भिंतीवरून गल्लीत पडायचं. मग तळमजल्यावरचे, बिल्डिंगचा कारभार बघणारे भाईदास अंगणात येऊन वर बघायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बघायचे. सरलाबाईंना ते बोलण्यापेक्षा जड जायचं.

बिल्डिंगमधली सगळी माणसं धुळे-जळगावकडची. कोणी मागावर, कोणी कापड रंगवायच्या डाइंगमध्ये, कोणी साड्यांच्या घड्या घालणारं. घरात अहिराणी, बाहेर गुजराती, कारखान्यात हिंदी. सरलाबाईंचा मुलगा योगेंद्र पलसाण्याच्या एका डाइंग युनिटमध्ये होता. तो यायचा तो रंगाच्या वाफेने शिजल्यासारखा होऊन, आणि जेवून झोपायचा. सून सोनाली सुरतेतच वाढलेली. घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची आणि सासूला मम्मी म्हणायची. तिने दोन-तीनदा सांगून पाहिलं होतं की मम्मी, किल्ली भाईदासकाकांना देऊन टाका. सरलाबाई ऐकायच्या नाहीत. काम नकोसं झालं होतं हे खरं. पण किल्ली गेली तर आपल्याला कोणी हाकही मारणार नाही, हेही त्यांना आतून ठाऊक होतं.

आणि शांताबाई होती. शांताबाई दुसऱ्या मजल्यावर, सरलाबाईंच्या बरोबर खाली. तिच्या नवऱ्याला, सखारामला, मागावर उभं असतानाच अर्धांग झालं होतं. तेव्हापासून तो खाटेवर. त्याचं सगळं जागेवर. पाणी लागायचं ते त्यामुळे. दुपार झाली की शांताबाईचा नळ फुस्स करून हवा सोडायचा आणि ती बादली घेऊन वर यायची. सरलाबाईंच्या नळाला पाणी असायचंच. बारीक असायचं, पण असायचं. त्या बादली भरून द्यायच्या. शांताबाई ते उपकार विसरायची नाही. सरलाबाईंच्या मिरच्या कुटून द्यायची, पापड लाटायला सगळ्यांत आधी यायची, दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट वर पाठवायची. एकदा तिने चारचौघींत म्हटलं होतं, "तू व्हती म्हनीसन मना घरमा पानी व्हतं." सरलाबाईंना तेव्हा बरं वाटलं होतं. नाही म्हणायचं कारणही नव्हतं.

सुरतेत चौऱ्याण्णव साली प्लेगची साथ येऊन गेली त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्या साथीत लोक गाड्या भरभरून गावी पळाले होते, आणि परत आले ते साचलेल्या पाण्याची आणि उकिरड्याची धास्ती घेऊनच. महापालिकाही बदलली होती. रोज झाडू फिरायचा, औषध फवारलं जायचं. एके दिवशी वॉर्ड ऑफिसातला एक माणूस गल्लीत आला. बिल्डिंगच्या बाजूला कायमचं डबकं साचलेलं होतं, त्याच्या काठावर उभा राहून त्याने वर बघितलं, भिंतीवरचा शेवाळाचा पट्टा बघितला आणि भाईदासांना बोलावून घेतलं. नोटीस काढतो म्हणाला. मग स्वतःच थोडा नरमला. चला, आधी बघू तरी पाणी जातं कुठे, असं म्हणून प्रत्येक घरात शिरला.

त्या फेरीत बरंच काही निघालं. कोणाच्या नळाला तोटी नव्हती, चिंधी कोंबली होती. कोणाच्या संडासातला नळ रात्रंदिवस ठिबकत होता. आणि जवळजवळ प्रत्येक घरात पहाटे नवं पाणी आलं की कालचं भरून ठेवलेलं शिळं म्हणून मोरीत ओतलं जात होतं. त्या माणसाने विचारलं, रात्रीतून पाणी शिळं कसं होतं? बायका हसल्या. तो निघताना भाईदासांना सांगून गेला की तुमच्या बिल्डिंगला पाणी कमी येत नाही, तुम्ही ते धरून ठेवत नाही. डबकं बुजवा, टाकीला तरंगत्या गोळ्याचा फ्लोट बसवा, नळ दुरुस्त करा. पुढच्या महिन्यात येतो.

भाईदासांनी अंगणात सगळ्यांना बसवलं. बैठक व्हायची तशीच झाली. प्रत्येकाला दुसऱ्याचा नळ दिसत होता, आपला नाही. शेवटी निंबाला बोलवायचं ठरलं. निंबा पारोळ्याकडचा, नात्यातला नव्हे पण बिल्डिंगमधल्या सगळ्यांनाच काका-काकू म्हणणारा प्लंबर. त्याने चार दिवस घरोघर फिरून नळांचे वॉशर बदलले, तोट्या बसवल्या. शिळं पाणी ओतायचं नाही, हंड्यावर झाकण ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच आधी वापरायचं, असं बायकांनी आपसात ठरवलं. म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. कपडे विसळलेलं पाणी संडासाला वापरायचं, हे सोनालीने काढलं. तिच्या माहेरी तसंच करायचे. "चालशे, मम्मी," ती म्हणाली, "एक बादली जास्त ठेवायची, एवढंच."

फ्लोट बसवायचा तर टाकी रिकामी करून धुवायला हवी होती. टाकी विटा-सिमेंटची, सरलाबाईंच्या घराच्याच स्लॅबवर बांधलेली. बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचं एकच घर होतं, बाकीची गच्ची मोकळी. त्या दिवशी निंबा चड्डीवर टाकीत उतरला. सोनाली वरून बादल्या ओढत होती. सरलाबाई सावलीत बसून नुसत्या बघत होत्या. इतक्या वर्षांत टाकीचा तळ त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. गाळ निघाला, एक प्लास्टिकचा मग निघाला. मग निंबा वाकून बराच वेळ एका कोपऱ्यात हात फिरवत राहिला.

"काकू, ही तळातली लाइन कोणाची?" त्याने विचारलं.

सरलाबाईंना कळलं नाही. निंबाने समजावून सांगितलं. टाकीतून प्रत्येक मजल्याला वेगळा पाइप निघतो. तीन पाइप टाकीच्या भिंतीत, तळापासून हातभर वर. चौथा मात्र पार तळाशी, जमिनीला टेकून. टाकीतलं पाणी हातभर उरलं की बाकी तिघांचे नळ बंद पडणार. उरलेलं सगळं त्या चौथ्याला. बोलता बोलता तो टाकीबाहेर आला आणि पाइप कुठे जातो ते त्याने वाकून बघितलं. पाइप स्लॅबची कड ओलांडून सरळ सरलाबाईंच्या मोरीत उतरत होता.

निंबा म्हणाला की गवंड्याची चूक असेल. सरलाबाई म्हणाल्या, असेल. पण बिल्डिंग बांधत असताना गवंड्याच्या डोक्यावर उभं कोण होतं ते त्यांना माहीत होतं. सगळ्यांच्या वतीने काम बघायला रामदास कारखान्यातून सुटले की थेट इथे यायचे. टाकीचं काम चाललं होतं तेव्हा तर त्यांनी एक दिवस खाडा केला होता. घरी येऊन म्हणाले होते, आता आपल्या घरात पाणी कधीच कमी पडायचं नाही. सरलाबाईंना तेव्हा वाटलं होतं, टाकीखालीच तर राहायला जातोय, म्हणून म्हणत असतील.

त्याआधी ते रेल्वेलाइनच्या कडेला झोपडीत राहायचे. साऱ्या वस्तीला एक नळ. एका सकाळी नळावर भांडण लागलं, आणि त्यात नसलेल्या सरलाबाईंच्या भुवईवर कोणाची तरी कळशी बसली. रामदास त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. टाके घालताना त्यांनी हात धरून ठेवला होता. परत येताना रस्ताभर ते एक शब्द बोलले नव्हते. न बोलता ठरवणाऱ्यांतला माणूस. काय ठरवलं होतं ते आज टाकीच्या तळाशी सापडलं.

सरलाबाईंना राग यायला हवा होता. आला नाही. फार दमल्यासारखं वाटलं, एवढंच. ज्याच्यावर रागवायचं तो भिंतीवर हार घालून बसलेला. आणि त्याने केलं कोणासाठी? आपल्याचसाठी. त्या मनात हिशेब लावायला गेल्या की शांताने किती दुपारी बादली घेऊन जिना चढला असेल. पण लागेना. प्रत्येक वेळी आपण उंबऱ्यात उभं राहून भरलेली बादली तिच्या हातात दिली, आणि ती वाकून घेऊन गेली, एवढंच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहिलं.

निंबा समजूतदार होता. म्हणाला, "काकू, कोणाला कळायचं कारण नाही. मी हा पाइप इथेच बंद करतो आणि तुमची लाइन बाकीच्यांच्या बरोबरीने वर घेतो. उद्या पहाटे टाकी भरली की कोणाला काही दिसणार नाही." सोनालीनेही तेच धरलं. पप्पांना सगळी बिल्डिंग देवमाणूस मानते, ती म्हणाली, त्यांचं नाव आता कशाला खराब करायचं. सरलाबाईंनी मान हलवली. ती होकाराची की नुसती थकव्याची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. निंबाने संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं.

फ्लोट बसला. आता टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हायची. भाईदासांनी स्वतः गच्चीवर येऊन तो तरंगता गोळा बघितला, लहान पोरासारखा दोनदा हाताने दाबून मोटर चालू-बंद करून बघितली आणि सरलाबाईंना म्हणाले की वहिनी, आता सकाळची झोप घ्या. किल्ली त्यांनीच खाली नेली. सरलाबाईंनी हातात ठेवली आणि त्यांनी नेली, इतकं साधं झालं ते. दुसऱ्या दिवशी पहाटे सरलाबाई नेहमीच्या वेळी जाग्या झाल्या आणि अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिल्या. खाली मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा आला. भिंतीवरून पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

बिल्डिंगला फरक पडला. दुपारचं पाणी सगळ्या मजल्यांवर टिकायला लागलं. वॉर्ड ऑफिसातला माणूस सांगितल्याप्रमाणे आला, त्याने बुजवलेलं डबकं बघितलं, वाळलेल्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि दुसऱ्या गल्लीकडे निघून गेला. शांताबाई बादली घेऊन वर येईनाशी झाली. जिन्यात भेटली की म्हणायची, नळाला पाणी आहे गं, काय निंबाचे हात चांगले. तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला होता. सरलाबाई हो हो म्हणून पुढे जायच्या. हल्ली जिन्यात तिची चाहूल लागली की त्या दाराआड थांबायच्या. सोनालीला ते कळत होतं.

वैशाखात एकदा महापालिकेकडूनच पाणी आलं नाही. कुठे मोठी पाइपलाइन फुटली म्हणे. टाकीतलं पाणी खाली गेलं आणि दुपारी सरलाबाईंच्या नळाने फुस्स करून हवा सोडली. या घरात तो आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. सोनाली खडे चिकटवायचं थांबून नळाकडे बघत राहिली. योगेंद्र रात्रपाळी करून झोपला होता, उठून अंघोळ मागेल तर पाणी कुठून द्यायचं, याचा सरलाबाई विचार करत होत्या.

एवढ्यात दारात शांताबाई. हातात भरलेली बादली, वर ताटली झाकलेली. जिना चढून तिला धाप लागली होती, पण तोंडभर हसत होती. तिने आता दोन हंडे झाकून भरून ठेवायला सुरुवात केली होती, त्यातलंच हे. इतकी वर्षं घेतलेलं परत करत असल्यासारखी बादली उंबऱ्याच्या आत ठेवत ती म्हणाली, "इतला वरीस मी लिधं. आज मना हातनं ले."

सरलाबाईंनी बादलीकडे बघितलं. पाणी घेऊन टाकलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. सोनाली मागून डोळ्यांनी सांगू नका म्हणत होती. पण ते हसू त्यांना बघवेना. रामदासांसाठी गप्प राहता आलं असतं, स्वतःसाठीही राहता आलं असतं. त्या हसण्यापुढे मात्र राहता येईना.

"शांता," त्या म्हणाल्या, "मी तुले दिधं ते पानी तुनंच व्हतं."

मग ते पाणी तिचंच कसं, ते सगळं सांगितलं. टाकीचा तळ, चौथा पाइप, तो कुठे उतरत होता ते. कोणी लावायला सांगितला ते. आपल्याला ठाऊक नव्हतं, एवढं एकदाच म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणायला जीभ उचलली नाही, कारण ते ऐकणाऱ्याच्या किती उपयोगाचं आहे हे त्यांना कळत होतं.

शांताबाई उभीच होती. आधी तिला नीट उमगलं नसावं. मग तिने पदराने कपाळ पुसलं, कान, मान, सगळं सावकाश पुसलं. म्हणाली, ह्यांना अंथरुणात ओलं ठेवून मी खाली भाईदासांच्या दारी, मग तुझ्या दारी फिरायचे. दोन-दोन तास ते तसेच असायचे. पाठीला जखमा व्हायच्या. मी देवाला म्हणायचे, एक घर तरी दिलंस. तिने आवाज चढवला नाही. रामदासांबद्दल वाईट शब्दही काढला नाही. जिन्याकडे वळली आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली गेली. बादली तिथेच राहिली. संध्याकाळपर्यंत त्या पाण्याला कोणी हात लावला नाही. योगेंद्र उठला तेव्हा सोनालीने मुकाट्याने तेच काढून दिलं आणि रिकामी बादली दुसऱ्या मजल्यावर दाराशी ठेवून आली.

सरलाबाईंना वाटलं, आता बिल्डिंगभर होईल. त्या वाट बघत राहिल्या. झालं असतं तर एका परीने सुटल्यासारखं वाटलं असतं. पण शांताबाईने कोणाला सांगितलं नाही. शेवटी सरलाबाई आपणच भाईदासांकडे गेल्या आणि सांगून आल्या. भाईदास म्हणाले, गेलेल्या माणसाचं काय घ्यायचं वहिनी, आणि पाणी तर आता सारखं झालंय. ते त्यांच्यापुरतं खरं होतं. खालची टाकी दाराशीच असलेल्या तळमजल्यावरच्या माणसाला दुपारच्या पाण्याची तितकी वाण कधी पडली नव्हती.

जिन्यात शांताबाई भेटायची. तोंड फिरवायची नाही. फक्त आता ती सरलाबाईंना तुम्ही म्हणायला लागली होती. कसे आहेत तुमचे गुडघे. तुमच्या योगेंद्रची पाळी बदलली का. इतकी वर्षं तू-तू करणाऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकताना सरलाबाईंना चढलेले जिने आठवायचे, उतरायला अजून बाकी असल्यासारखे. पापडांच्या दिवसांत ती आली नाही. सोनालीने यंदा पापड विकत आणले.

श्रावणात कानबाई बसली. खान्देशची माणसं जिथे जातात तिथे आपल्या या देवीला घेऊन जातात, लिंबायतमध्ये तर गल्लोगल्ली. सोमवारी सकाळी विसर्जनाला निघायचं होतं. खाली वाजंत्री जमत होती, बायका नऊवारी नेसून फुगड्यांना कंबर बांधत होत्या. सरलाबाईंना गुडघ्यांमुळे जायचं नव्हतं. सोनालीला त्यांनी पुढे पाठवलं होतं.

दार वाजलं. शांताबाई होती, नवं लुगडं नेसलेली, कपाळभर कुंकू. आत आली नाही. चौकटीला धरून म्हणाली की ह्यांच्यापाशी बसायला कोणी नाही, सगळेच चालले. मग विचारलं, "तुम्ही घडीभर बसशात का?"

सरलाबाई चप्पल न घालताच खाली उतरल्या.

शांताबाईने भराभर सांगितलं. पाणी इथे, वाटी इथे, फडकं तिथे, कूस बदलावी लागली तर उशी पाठीमागे. आणि ती गेली. सखाराम खाटेवर डोळे मिटून पडला होता. खोली स्वच्छ होती, ओलसर फडक्याचा वास होता. कोपऱ्यात झाकलेले दोन हंडे. सरलाबाई खाटेशेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी फडकं पिळून सखारामचा चेहरा पुसला, मान पुसली, वाटीने दोन घोट पाणी पाजलं. त्याने डोळे उघडून बघितलं. ओळखलं की नाही कळलं नाही. मग त्याने पुन्हा मिटले.

वाजंत्री गल्लीच्या टोकाला गेली, मग आणखी लांब. सगळी बिल्डिंग रिकामी झाली होती. इतकी शांतता सरलाबाईंनी या घरांत कधी ऐकली नव्हती. त्यांनी पाय लांब केले, गुडघ्यावरून हात फिरवला, डोकं भिंतीला टेकवलं.

शांताबाई परतली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सरलाबाई बसल्या जागी गाढ झोपल्या होत्या, तोंड जरा उघडं, फडकं अजून हातात. शांताबाईने हाक मारली नाही. फडकं हलक्या हाताने काढून घेतलं, दार ओढून घेतलं आणि पाऊल न वाजवता चुलीकडे गेली.